मनाला दम नको, काम द्या



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, ते गुरुजी शाळेत पी.टी. शिकवायचे. पी.टी.चा तास बिनदिक्कत गणिताला देऊन टाकण्याचे ते दिवस होते (आजही फार काही बदललंय असं नाही). अशा काळात एका माणसानं मैदान राखलं. त्यांच्या नावानं बोलायला मिळणं हा मी माझा सन्मान समजते.

माझा विषय आहे खेळाच्या मानसशास्त्रज्ञाचं काम. हे काम मी करते असं सांगितलं की समोरून ठरलेली वाक्यं येतात. "म्हणजे तुम्ही पोरांना मोटिव्हेट करता ना?" "शनिवारी सेमीफायनल आहे, शुक्रवारी एक तासाचं सेशन घेऊन टाका." आणि पालकांचं लाडकं वाक्य: "मॅडम, बाकी सगळं छान आहे, फक्त कॉन्फिडन्स तेवढा वाढवून द्या." जणू कॉन्फिडन्स म्हणजे मोबाइलचा रिचार्ज!

हसू येतं, पण या मागणीत एक पक्का समज दडलेला आहे. मन दुबळं असतं, कुणीतरी येऊन त्याला दम दिला की ते खंबीर होतं, असा तो समज. आज मला एवढंच सांगायचं आहे की हा समज चुकीचा आहे. मनाला दम देऊन काही होत नाही. मनाला काम द्यावं लागतं. हे शास्त्र आलं कुठून, दडपणात होतं काय, आम्ही त्यावर करतो काय, खेळाडूभोवतीच्या माणसांचा यात वाटा काय आणि आमच्या कामाची हद्द कुठं संपते, या क्रमानं मी बोलणार आहे.

पहिला मुद्दा, हे शास्त्र आलं कुठून?

१८९८ साली अमेरिकेत नॉर्मन ट्रिपलेट नावाच्या संशोधकानं एक साधी गोष्ट पाहिली. सायकलपटू एकट्यानं घड्याळाशी झुंजताना जेवढ्या वेगानं जातात, त्याहून जास्त वेगानं ते दुसऱ्याच्या जोडीनं जातात. त्यानं मुलांच्या हातात मासेमारीच्या गळाचं चक्र दिलं आणि ते एकट्यानं व जोडीनं फिरवायला लावलं. बऱ्याच मुलांचा वेग जोडीनं वाढला. पण काही मुलांचा वेग उलट बिघडला! शेजारी तोच, चक्र तेच, आणि एक मूल खुललं तर दुसरं गडबडलं. असं का? सव्वाशे वर्षं आम्ही याच प्रश्नाभोवती फिरतो आहोत.

पुढे १९२५ मध्ये इलिनॉय विद्यापीठात कोलमन ग्रिफिथ यांनी खेळाडूंच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा काढली. १९३८ मध्ये शिकागो कब्ज या बेसबॉल संघाच्या मालकानं त्यांना संघासोबत काम करायला बोलावलं. मालकाला हौस होती, पण संघाच्या मॅनेजरला हा प्रोफेसर डोळ्यासमोर नको होता. मॅनेजरचाच विरोध, मग खेळाडू कशाला मोकळेपणानं बोलतील? आजही तालुक्याच्या मैदानावर एखादा प्रशिक्षक मला बाजूला घेतो आणि सांगतो, "मॅडम, पोरं बरी चाललीत, उगाच डोक्यात काही भरवू नका." तेव्हा मला ग्रिफिथसाहेब आठवतात आणि बरं वाटतं. त्रास जुना आहे.

आपल्या महाराष्ट्रात या कामाला ओळख मिळवून दिली ती नाशिकच्या भीष्मराज बाम यांनी. पोलीस सेवेतले वरिष्ठ अधिकारी, स्वतः नेमबाज. योगाचा अभ्यास आणि खेळाचा अनुभव यांची सांगड घालून त्यांनी अंजली भागवत, सुमा शिरूर यांच्यासारख्या कितीतरी खेळाडूंसोबत काम केलं. २००० साली सिडनीत अंजली भागवत ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचल्या, तेव्हा 'मनाची तयारी' हा शब्दप्रयोग आपल्या क्रीडापानांवर रुळू लागला. बामसरांचं 'मार्ग यशाचा' हे पुस्तक आजही माझ्याकडे येणाऱ्या पालकांच्या पिशवीत दिसतं. २०१७ मध्ये ते गेले.

आता दुसरा मुद्दा. दडपणात नेमकं होतं काय?

छाती धडधडते. तळवे ओले होतात. श्वास वर वर चालतो. पोटात गोळा येतो. हे ज्याला होतं तो भित्रा, आणि ज्याला होत नाही तो शूर, असं आपण मानतो. पण सचिन तेंडुलकरनं २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितलं, की कारकिर्दीतली दहा-बारा वर्षं सामन्याच्या आदल्या रात्री त्याला नीट झोप लागत नसे. सचिनला! पुढे त्यानं ही आपल्या तयारीचीच एक रीत आहे असं मान्य केलं आणि झोपेशी भांडणं सोडून दिलं. धडधड म्हणजे शरीर कामाला सज्ज होतंय, एवढंच. धडधडीनं सामना जात नाही. सामना जातो तो लक्ष भलतीकडे गेल्यानं.

भलतीकडे म्हणजे कुठं? बहुतेक वेळा दोनच ठिकाणी. एक तर निकालाकडे: जिंकलो तर काय, हरलो तर घरी काय सांगू. नाही तर स्वतःकडे: माझा हात थरथरतोय का, कोपर नीट आहे का. आणि हे दुसरं जास्त घातक. रोज भाकरी थापणाऱ्या बाईला विचारा, "काकू, भाकरी फिरवताना तुमचं कुठलं बोट पुढं असतं?" पुढची भाकरी हमखास फाटणार. वर्षानुवर्षांच्या सरावानं हातात बसलेली गोष्ट पुन्हा डोक्यानं करायला गेलं की हात अडखळतो. फ्री थ्रो हुकतो, सर्व्हिस जाळीत जाते, सोपा झेल सुटतो. याला इंग्रजीत 'चोकिंग' म्हणतात आणि आपले समालोचक 'कच खाल्ली' म्हणून मोकळे होतात. त्यानं कच खाल्लेली नसते हो. त्यानं गरजेपेक्षा जास्त काळजी घेतलेली असते.

मॅथ्यू एमन्स या अमेरिकन नेमबाजाचं उदाहरण मी प्रत्येक शिबिरात सांगते. २००४, अथेन्स. पन्नास मीटर थ्री पोझिशन्सची अंतिम फेरी. शेवटची एक गोळी उरलेली, आघाडी भक्कम, साधारण गुण आले तरी सुवर्णपदक. त्यानं नेम धरला, गोळी झाडली आणि फलकावर काहीच उमटलं नाही. गोळी शेजारच्या खेळाडूच्या लक्ष्यावर गेली होती! शून्य गुण, थेट आठवा क्रमांक. एरवी तो आधी लक्ष्यावरचा क्रमांक पाहायचा, मग नजर खाली आणायचा. त्या शेवटच्या गोळीला तो स्वतःला शांत करण्यात गुंतला होता आणि क्रमांक पाहायचाच राहिला.

नीट ऐका, शांत व्हायच्या नादात क्रमांक पाहायचा राहिला. "शांत हो, शांत हो" असं आपण मुलांना ओरडून सांगतो ना? ओरडून! शांत होणं हे काही काम नाही. क्रमांक पाहणं हे काम आहे.

तिसरा मुद्दा तोच. आम्ही करतो काय?

एक कबड्डीपटू घ्या. सांगली भागातला, चढाईला चपळ, पायांत बिजली. पण तिसऱ्या चढाईला, म्हणजे ज्याला पोरं 'डू ऑर डाय' म्हणतात त्या चढाईला, तो हमखास बाद व्हायचा. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचाच, नाही तर चढाईपटू बाद, असा नियम. प्रशिक्षक म्हणायचे, "याच्यात जिगर नाही." मी नुसती बाजूला बसून त्याच्या चढाया पाहिल्या. पहिल्या दोन चढायांना तो समोरच्या कोपऱ्यांतल्या बचावपटूंचे पाय बघत आत जायचा. तिसरीला निघताना आधी गुणफलकाकडे बघायचा, मग स्वतःच्या बाकाकडे आणि मग घाईघाईनं आत. नजर तीन ठिकाणी फिरून यायची, आणि तोवर तीस सेकंदांतले पाच-सहा गेलेले असायचे.

त्याच्याशी मी जिगरीबद्दल एक शब्दही बोलले नाही. आम्ही दोघांनी मिळून तिसऱ्या चढाईचा क्रम ठरवला. मध्यरेषेशी वाकून हात जमिनीला लावायचा आणि एक लांब श्वास सोडायचा. मग समोर किती जण आहेत ते मोजायचं, कारण सहा किंवा जास्त असतील तरच बोनस मिळतो. 'कबड्डी' सुरू केली की नजर डाव्या कोपऱ्याच्या पुढच्या पायावर. पाय हलला तर एक डाव, नाही हलला तर दुसरा. बस्स. पुढचे कितीतरी आठवडे सरावात त्यानं हेच घोटलं. आम्ही भोवती हलगी लावली, सोबत्यांना शिव्या घालायला सांगितलं (त्यांना तेवढं सांगावं लागलं नाही), पंचाला मुद्दाम चुकीचे निर्णय द्यायला लावले. तो नंतर बाद झालाच नाही असं नाही. पण बाद झाला तर डावानं झाला, गोंधळून झाला नाही. प्रशिक्षक म्हणाले, "आता याच्यात जिगर आली." मी म्हटलं, आली असेल.

याला आम्ही 'रूटीन' म्हणतो. रूटीन म्हणजे गंडादोरा नाही. लाल रुमाल खिशात ठेवणं ही श्रद्धा, माझी तिला हरकत नाही. पण रूटीनमधली प्रत्येक पायरी खेळाच्या उपयोगाची असते. श्वास सोडला की खांदे उतरतात. माणसं मोजली की निर्णय सोपा होतो. आणि धडधडणाऱ्या मनाला धरायला काहीतरी मिळतं.

हे थोरामोठ्यांनाही लागू आहे. सचिनची जानेवारी २००४ मधली सिडनीतली नाबाद २४१ धावांची खेळी आठवा. त्या मालिकेत तो ऑफ स्टंपबाहेरच्या चेंडूंवर बाद होत होता. त्यानं ठरवलं, कव्हर ड्राइव्ह मारायचाच नाही. आपला लाडका फटका खेळीभर म्यानात ठेवायचा! 'चांगलं खेळायचं' हा संकल्प झाला. 'हा एक फटका मारायचा नाही' हे काम झालं. मनाला काम कळतं.

नेमबाज अभिनव बिंद्रा अथेन्सच्या अंतिम फेरीत सातवा आला. पुढे त्याला कळलं, की तो ज्या फरशीवर उभा होता ती सैल होती. त्यानं नशिबाला बोल लावला का? तो सैल फरशीवर उभा राहून सराव करू लागला. बीजिंगच्या भव्य हॉलची सवय व्हावी म्हणून त्यानं चंडीगडमधलं एक मंगल कार्यालय भाड्यानं घेतलं आणि तिथं रेंज मांडली. जिथं एरवी जिलब्यांची ताटं फिरतात, तिथं ऑलिंपिकची तयारी चालू होती. ११ ऑगस्ट २००८ रोजी शेवटची गोळी उरली तेव्हा तो आणि फिनलंडचा हाक्किनेन बरोबरीत होते. बिंद्रानं १०.८ मारले आणि सुवर्ण घेतलं. एअर रायफलच्या लक्ष्यातलं दहा गुणांचं वर्तुळ अर्ध्या मिलिमीटरचं असतं, आणि १०.८ म्हणजे त्या टिंबाच्याही जवळजवळ मधोमध. तिथं नुसत्या हिमतीचा काय उपयोग? तिथं घोटलेला क्रमच उपयोगी पडतो.

आपला कोल्हापूरचा नेमबाज स्वप्नील कुसाळे पाहा. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत पदकाच्या वाटेवर असताना एक गोळी भरकटली आणि तो चौथा राहिला. पॅरिसमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी अंतिम फेरीत पहिल्या टप्प्यानंतर तो सहावा होता. प्रकार तोच, अंतर तेच, आदल्या वर्षीची जखम ताजी. टप्प्याटप्प्यानं वर सरकत त्यानं ४५१.४ गुणांसह कांस्यपदक घेतलं. आपण टीव्हीसमोर नखं खात बसतो. त्याच्यापुढं मात्र दर वेळी एकच गोळी असते, आणि ती त्याला प्रत्येक वेळी नव्यानं मारावी लागते.

चौथा मुद्दा जरा टोचणारा आहे. पालकांनी सावरून बसावं.

तालुक्यातून आलेलं पोर जेव्हा राज्य स्पर्धेत उतरतं, तेव्हा ते फक्त सामना खेळत नसतं. दहावी-बारावीचे वाढीव गुण, सरकारी नोकरीतलं पाच टक्के क्रीडा आरक्षण, रेल्वे नाही तर पोलीस भरती, वडिलांनी काढलेलं कर्ज, हे सगळं त्याच्या पाठीवर असतं. कुस्तीगीर खाशाबा जाधव हेलसिंकी ऑलिंपिकला गेले ते प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून उभ्या केलेल्या पैशांतून. ती उदारता थोरच. पण विचार करा, मॅटवर उतरताना त्या माणसाच्या पाठीवर केवढं ओझं असेल! १९५२ साली त्या ओझ्यासकट त्यांनी कांस्यपदक आणलं. प्रत्येक मूल खाशाबा नसतं, आणि ते असलंच पाहिजे असा आग्रह धरण्याचा आपल्याला अधिकारही नाही.

सामना संपतो. मूल मोटारसायकलवर मागं बसतं. हेल्मेटमधून पहिला प्रश्न काय येतो? "काय रे, तो झेल कसा काय सोडलास?" घर येईपर्यंत सामन्याचं शवविच्छेदन चालू! मूल 'हूं' म्हणत राहतं. कितीतरी मुलं मला सांगतात, की सामन्यापेक्षा तो परतीचा रस्ता त्यांना नकोसा वाटतो. बाबांनो, त्या रस्त्यावर फक्त भूक लागली का ते विचारा. सामन्याचं दुसऱ्या दिवशी बोला. आणि तेव्हाही आधी 'आज काय जमलं' ते विचारा, मग 'काय नाही जमलं' ते.

१९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधल्या चित्रफिती पाहून काही अमेरिकन संशोधकांनी एक गमतीशीर गोष्ट दाखवली. रौप्यपदक विजेत्यांपेक्षा कांस्यपदक विजेते जास्त खूश दिसत होते. रौप्यवाल्याच्या डोळ्यांपुढं हुकलेलं सुवर्ण असतं, कांस्यवाल्याच्या डोळ्यांपुढं टळलेला चौथा क्रमांक. म्हणजे आनंद पदकाच्या धातूवर नाही, तुलनेवर ठरतो. आणि ही तुलना मुलांना कोण शिकवतं? आपण! 'सुवर्ण हुकलं' असे मथळे आपण छापतो, आणि पी. टी. उषाचं १९८४ मधलं सेकंदाच्या शंभराव्या भागानं गेलेलं पदक आपण चाळीस वर्षं तिला ऐकवत राहतो.

पाचवा आणि शेवटचा मुद्दा, आमच्या कामाची हद्द.

२००६ मध्ये इंग्लंडचा क्रिकेटपटू मार्कस ट्रेस्कॉथिक भारताचा दौरा अर्धवट सोडून घरी गेला. तेव्हा वेगळंच कारण सांगितलं गेलं. ते नैराश्य होतं, हे जगाला नंतर कळलं. टोकियो ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सनं सांघिक अंतिम फेरी मध्येच सोडली, कारण हवेत गिरक्या घेताना आपण कुठं आहोत याचं भानच तिला राहत नव्हतं. "पळाली" म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. तशाच स्थितीत तिनं उडी मारली असती तर मानेवर पडू शकली असती. पॅरिसमध्ये ती परतली आणि तीन सुवर्णं घेऊन गेली. आणि सुवर्ण मिळाल्यानंतर येणाऱ्या रितेपणाबद्दल बिंद्रानंच मोकळेपणानं सांगितलं आहे. शिखर गाठलं, आता उद्या सकाळी कशासाठी उठायचं?

इथं रूटीन पुरत नाही. खेळाडूची झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, जगणं नकोसं वाटू लागलं असेल, तर तिथं मानसोपचारतज्ज्ञ लागतात आणि औषधंही लागू शकतात. गुडघा दुखला की आपण ऑर्थोपेडिककडे जातो, तसंच आहे हे. अशा वेळी त्याला पुढं पाठवणं हे माझं कर्तव्य आहे, कमीपणा नाही.

दुसरी हद्द गुप्ततेची. निवड समितीतले कुणी चहा पिता पिता विचारतात, "मनानं कसा आहे हो तो? मोठ्या सामन्याला टिकेल?" माझं उत्तर ठरलेलं आहे: चहा छान आहे. ज्या दिवशी खेळाडूनं मला सांगितलेली गोष्ट निवड समितीच्या टेबलावर जाईल, त्या दिवशी माझं दुकान बंद. अपवाद आहेत. कुणाच्या जिवाला धोका असेल तेव्हा, आणि अठरा वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार होत असेल तेव्हा. तिथं पॉक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे, मग समोरचा प्रशिक्षक कितीही पदकं आणणारा असो. हे मी खेळाडूला पहिल्याच भेटीत सांगते.

तिसरी हद्द पात्रतेची. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. 'स्पोर्ट्स सायकॉलॉजिस्ट' अशी पाटी लावणाऱ्याच्या मागं तसा रुळलेला शिक्का आपल्याकडे अजून नाही. म्हणून बेधडक विचारा: शिक्षण काय, कुणाच्या देखरेखीखाली काम केलं, कुठल्या वेळी पुढं पाठवता? आणि जो पदकाची हमी देतो, त्याच्या पायऱ्या उतरून सरळ घरी या.

आटोपतं घेते. धडधड होणारच, तिच्याशी भांडू नका. सामन्यात मनाला भावना पुरवू नका, काम पुरवा. ते काम साधं असावं, खेळाच्या उपयोगाचं असावं आणि सरावात घोटलेलं असावं. घरानं तुलनेचं ओझं उतरवावं. जिथं दुखणं खरं आहे तिथं डॉक्टर गाठावा. आणि एक मागणी या व्यासपीठावरून: आपल्या तालुका क्रीडा संकुलांमध्ये वजनं आली, ट्रॅक आले, आता तिथल्या प्रशिक्षकांना निदान या पाच गोष्टींचं प्रशिक्षण मिळू द्या. प्रत्येक गावात मानसशास्त्रज्ञ पोहोचणार नाही. प्रशिक्षक पोहोचलेला आहे.

माझ्या कामाची फूटपट्टी कुणी विचारली, तर मी पदकं मोजत नाही. ज्या खेळाडूला वर्षानुवर्षं प्रत्येक सामन्याआधी मला फोन करावा लागतो, त्याच्या बाबतीत माझं काम अर्धवट राहिलं. ज्याचे फोन हळूहळू थांबले आणि निकाल मला वर्तमानपत्रातून कळू लागला, त्याच्या बाबतीत ते झालं.

संयोजकांनी प्रश्नांसाठी वेळ राखून ठेवला आहे. माझी एकच अट आहे. पहिले पाच प्रश्न मुलांनी विचारायचे, आणि शेजारी बसलेल्या आई-वडिलांनी त्यांना प्रॉम्प्टिंग करायचं नाही.